हवेत फिरणारं ड्रिल

ड्रिल मशीन हवेत उंच धरायचं, बटण दाबायचं आणि त्या घरघराटात म्हणायचं, "फिरतंय ना? मग झालं." आमच्या कोपरीच्या नाक्यावर बॅटऱ्यांचे सेल बदलून देणाऱ्या त्या माणसाची सगळी गॅरंटी या एका वाक्यात संपायची. असा माणूस तुमच्याही नाक्यावर असेल. नीट बघा.

ड्रिलच्या बॅटरीत पाच सेल असतात. ते थकले की नवे बसवायचे, एवढंच काम. हा बसवायचा भंगारातल्या लॅपटॉपचे सेल, वर नवं कोरं प्लास्टिक चढवून. ते सेल सावकाश वीज देणारे. ड्रिल हवेत फिरवायला तेवढी पुरते, भिंतीत पुरत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या मेव्हण्याची बॅटरी त्याने माझ्यासमोर भरली, तेव्हा पाचही सेल खोक्यातून काढलेले, नवे. सेलांना पट्ट्या जोडताना श्वाससुद्धा रोखलेला. हात सुरेख होता त्याचा. म्हणूनच किळस जास्त. ज्याला काम येतच नाही, त्याच्यावर मी एवढा चिडलो नसतो.

आमच्या मजल्यावरच्या सुरेखाताई खिडक्यांना मच्छरांच्या जाळ्या बसवतात. डोंबिवलीतल्या एका सोसायटीने त्यांना सांगितलं, एका घरात बसवून दाखवा, आवडलं तर सगळी बिल्डिंग तुमची. त्या कामासाठी ताईंनी खास त्याच्याकडून बॅटरी भरून घेतली. त्या घरात दुसऱ्याच भोकाला ड्रिल बंद पडलं. कमिटीवाले चहाचे कप धरून बघत राहिले. बिल्डिंग दुसऱ्याला गेली.

मी त्याच नाक्यावर पत्रकं वाटतो, म्हणून ताईंबरोबर मीही त्याच्याकडे गेलो. त्याने ड्रिल उचललं, हवेत धरलं.

"फिरतंय ना?"

"मी हवेत जाळ्या बसवत नाही, भाऊ," ताई म्हणाल्या.

"आता बिल्डरची भिंतच कडक, त्याला मी काय करू? चहा घेणार?"

"मेव्हण्याची भिंत मऊ असेल," मी म्हणालो.

"तू पत्रकं वाट रे. धंद्यातलं तुला काय कळतंय."

ताई बाहेर गेल्या. समोर गटाराचं काम चाललं होतं. तिथला काँक्रीटचा एक ठोकळा उचलून त्यांनी काउंटरवर ठेवला. "यात फिरवा."

नखभर आत जाऊन ड्रिल कण्हलं आणि थांबलं. मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "माझंही बघू जरा." तेही थांबलं.

ताईंनी ठोकळा तिथेच ठेवला. तो माणूस संध्याकाळी फेकून द्यायचा, ताई सकाळी कामाला जाताना परत आणून ठेवायच्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. गिऱ्हाइकं आधी ठोकळ्यात फिरवून बघायची, मग बॅटरी घ्यायची. म्हणजे घ्यायचीच नाहीत. खरे सेल बसवून दुकान चालवणं त्याच्या हातात होतं. त्याने शटर ओढणं पसंत केलं.

कोणी म्हणतं, आता तो कल्याणला बसतो. असेल. हवा तिकडेही आहे.

ठोकळा अजून त्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर पडलाय. वरची सगळी भोकं अर्धवट. एकच आरपार आहे. खोपटच्या दुसऱ्या दुकानातून चांगले सेल भरून आणले, त्या दिवशी ताईंनी घरी जाता जाता पाडलेलं.