न पुसलं जाणारं काजळ

एरंडेलाचा दिवा विझल्यावर येणारा तो जळका वास आला, की मला थळच्या किनाऱ्यावरचं माझ्या थोरल्या बहिणीचं सासर आठवतं. नवीनच लग्न झालेलं, काजळाची भारी हौस; पण मासळी विकायला उन्हात बसली, की घामाने आणि खाऱ्या वाऱ्याने ते गालावर ओघळायचं. तुपातलं करून झालं, खोबरेलातलं झालं. शेवटी एरंडेलाच्या काजळीत तिने थोडं मेण घोटलं, आणि ते डोळ्यांत असं बसलं की समुद्रात डुबकी मारली तरी हलेना. किती मिरवली ती! त्याच आठवड्यात वादळ झालं आणि तिच्या नवऱ्याच्या होडीच्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि सासू ओल्या पदराने तिचं काजळ घासू लागली. पापण्या सोलवटल्या, तरी काळी रेघ तशीच. "पूस गो, लोक काय म्हनतील?" सासू रडत ओरडली. "जात न्हाय गो आये," बहीण एवढंच म्हणाली. अंगणातून कुणीतरी पुटपुटलं, "दादला गेला, तरी हिचा नट्टापट्टा हायच." माझं कुंकू अजून शाबूत आहे, तरी मी काजळ घालते ते तुपातलंच, बोट फिरवलं की जाणारं.