कापराने भरलेला सापळा

खंडेनवमीला मी प्रयोगशाळेतला सापळा घरी नेला आणि रात्रभर कापराच्या डब्यात ठेवला. असली अक्कल फक्त उच्चशिक्षित बाईलाच सुचते, म्हणून आधीच सांगून टाकते.

सापळा उंदरांचा नव्हे. वाफेतल्या कणांना विजेचा भार द्यायचा, बदलत्या विद्युतक्षेत्रात त्यांना कोंडायचं आणि मग वजनाच्या क्रमाने बाहेर सोडायचं. वजनावरून पदार्थ ओळखू येतो. हे काम करणारी मोठी यंत्रं तेव्हा अर्धी खोली अडवून बसत. माझा सापळा सुपारीएवढा होता. एक दिवस तो पिशवीतून कुठेही नेता येईल, असं मी चहाच्या वेळी ज्याला त्याला ऐकवत असे.

छत्तीसगड वेगळं झालं त्या सुमाराची ही गोष्ट. बाहेर वाटणीच्या गप्पा, आणि आमच्या ग्वाल्हेरच्या संस्थेत मात्र माझा लहान विभाग शेजारच्या मोठ्या विभागाला जोडून एक करणं चाललेलं. दसऱ्यानंतर समिती येणार होती. नव्या विभागात माझ्या सापळ्याला टेबल द्यायचं की कपाट, हे ती बघणार होती.

सासर शिपाईगड्यांचं. खंडेनवमीला नया बाजारातल्या आमच्या घरी एकुलती तलवार पुजली जायची. तिच्याशेजारी मी सापळा मांडला. सासूबाईंनी चष्मा वर केला.

“हे काय, कोटाचं बटन?”

“माझं हत्यार आहे, आई.”

“तलवार लढली तरी होती. हे काय करतं?”

“वास ओळखतं.”

“मग कापराजवळ ठेव. घेऊ दे बापडं.”

मी खरंच ठेवला. वर धूळ बसू नये म्हणून झाकणही लावलं. काय ती काळजी.

सापळ्यातल्या प्लास्टिकच्या कड्या वाफ पिऊन बसतात, हे मी इतरांना शिकवत असे. पंपाने हवा काढून, रात्रभर तापवून मगच तो वापरायचा. पण सुट्टीनंतर घाई होती आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते. तसाच बसवला.

समितीपुढे थिनरची वाफ सोडली. पडद्यावर एक बारीक, उभी रेघ यायला हवी होती. आला तो पसरट डोंगर, आणि पलीकडे आणखी एक टेकाड. टेकाडाचं वजन वाचलं. कापूर.

मोठ्या विभागाचे प्रमुख, दक्षिणेतून आलेल्या भिक्षुकांच्या घराण्यातले, हलकेच म्हणाले, “पंपाचं तेल असेल का?”

ती पळवाट होती. पंप बदलू म्हटलं असतं तर कुणी खोलात गेलं नसतं. आजही कधी वाटतं, म्हणायला काय हरकत होती. पण पडद्यावर सापळ्याने खरं लिहिलं होतं, आणि त्याला खोटं पाडून त्याच्यासाठीच टेबल मागायचं, हे जिभेवर येईना.

“तेल नाही, कापूर आहे,” मी म्हणाले. “हा सापळा मी पूजेत ठेवला होता, कापराच्या डब्यात. सापळा लहान, त्यात कण मावतात थोडे. कापरानेच तो भरला, त्या दाटीत थिनरची रेघ फुगून डोंगर झाली. लहान करण्यातली खरी अडचण हीच आहे, आणि ती अजून मला सुटलेली नाही.”

समितीतल्या एकाने विचारलं, “आरती भी की थी, मॅडम?” सगळे हसले. मीही हसले, कानाच्या पाळ्या तापलेल्या असताना. जाताना त्यांनी निर्णय प्रमुखांवर सोपवला.

खोली रिकामी झाली. मी सापळा उतरवत होते, कपाटाच्या तयारीनेच. प्रमुख दारातून परत आले, पडद्यावरचा डोंगर पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाले, “यंत्राचं अजून काही सांगता येत नाही, पण तुम्ही चालाल. टेबल कुठे लावायचं ते बघून घ्या, आमचे पंप फार थरथरतात.”