व्होल्टेज पडेल तेव्हाच वाजवा

वाद्याचा आवाज सरळ ऐकू आला तर तो वाया गेला, असं मानणारा माणूस अख्ख्या तासगाव तालुक्यात एकच आहे आणि तो नेमका माझा चुलतसासरा आहे. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर लोक द्राक्षबाग लावतात. यांनी बेदाण्याच्या रिकाम्या शेडमध्ये रेकॉर्डिंगची खोली थाटली. तिथे माइक आहे, कॉम्प्युटर आहे आणि दोघांच्या मधोमध, देव बसवावा तसा, काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर. व्हॉल्व्ह तापून लालबुंद झाले की आत गेलेला आवाज फाटून, जाडावून, घोगरा होऊन बाहेर पडतो. "आवाज भाजला पायजे, जावईबापू. कच्चा कशाला खायचा?" हा त्यांचा सिद्धांत. पेटी, हलगी, तुणतुणं, जे येईल ते भाजतात. एकदा मी हौसेनं बासरी वाजवली. ऐकताना तिचा साखर कारखान्याचा भोंगा झाला होता. सासरे म्हणाले, "आता जरा बरी लागतीय."

त्यांचा खरा शोध पुढेच आहे. विजेचं व्होल्टेज पडलं की व्हॉल्व्ह आणखी गोड फाटतात, आणि व्होल्टेज पडतं ते आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटरी चालू झाल्यावर. त्यामुळे लाइट चांगली असली की कपाळाला आठ्या घालणारा गावातला हा एकटाच गृहस्थ. लगेच फोन लावतात, "गड्या, मोटर चालू कर की रं! गाणं लय सरळ यायलंय."

मागच्या महिन्यात मात्र प्रसंग बाका होता. इस्लामपूरच्या आप्पांनी जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. त्यांचे पुढचे दात दुसऱ्या दिवशी डॉक्टर काढणार होते. दात गेले की क्लॅरोनेट संपलं. "एकदा माजं वाजवणं धरून ठेवा, सुभेदार," एवढंच ते म्हणाले. आणि नेमका अवकाळी पाऊस पडून गेलेला. मोटरी बंद, व्होल्टेज ठणठणीत. सासऱ्यांनी गावभर फोन फिरवले. "आवं, रानात गुडघाभर चिखल हाय. उसाला पवायला शिकवू का?" हेच उत्तर.

शेवटी घरच्या दोन्ही मोटरी चालू करायला मला पाठवलं. मी साताऱ्याच्या पेठेत वाढलेला; शेतीतलं एकच बटण मला कळतं, ते मी दोन्हीकडे दाबलं. पाणी कुठे जाणार, हा विचार दोन मिनिटांनी सुचला, तोवर पाटाचं पाणी शेडकडे निघालं होतं. मी धावत पोचलो तेव्हा व्हॉल्व्ह रंगात आले होते, आप्पा डोळे मिटून, स्टुलावर पाय वर घेऊन वाजवत होते आणि सासरे पाण्यात उभे राहून सगळ्या वायरी डोक्यावर धरून मला खुणेनं शिव्या देत होते. रेकॉर्डिंग चालू असल्यामुळे तोंडाने देता येईनात. मी आत पाऊल टाकलं आणि घसरलो. त्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच एक ढोल वाजतो, तो मी.

दात काढल्यावर आठवड्याभरानं आप्पा ऐकायला आले. तोंडावर रुमाल धरून बसले. सासरे शाबासकीची वाट बघत मिशीवरून हात फिरवत होते. संपल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "ह्यो मी न्हाई, सुभेदार. ह्यो माजा बा हाय. जत्रंतल्या कर्ण्यातनं आसाच यायचा त्येचा आवाज. तवा मी त्येच्या मागं झांजा वाजवायचो. एक गाणं झालं की त्यो म्होरल्या जत्रंला पळायचा."

सासऱ्यांनी आवाज आणखी भाजायला बटणाकडे नेलेला हात तसाच मागे घेतला.

"पुन्यांदा लावू?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी रुमाल खाली ठेवला. "लावा की. आज त्येला घाई न्हाई."