परक्या राष्ट्रगीताला

माझा मुलगा परदेशात राहतो. तो तिथला नागरिक झाला, त्या समारंभाला मी गेले होते. राष्ट्रगीताआधी मी हळूच विचारलं, "मी काय करायचं?"

"नुसतं उभं राहा, आई. म्हणायची गरज नाही, छातीवर हातही ठेवू नकोस."

मी हात सरळ ठेवून उभी राहिले. दुसऱ्याच्या देवळातही आपण चपला काढतोच. मान द्यायला ओळख लागत नाही. पण शेजारी मुलगा न अडखळता गात होता. त्याला बोलायला मी शिकवलं. हे शब्द तो माझ्याशिवाय शिकला होता.

गीत संपलं. माझ्या पलीकडच्या म्हाताऱ्या बाईही माझ्यासारख्याच, न गाता उभ्या होत्या; त्याही कुणा नव्या नागरिकाच्या आई असाव्यात. त्यांनी माझा हात हातात घेतला. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती.