वन्संचा जागतिक कार्यक्रम

जगातल्या सगळ्या माणसांचं एका गोष्टीवर एकमत होऊ शकतं, असं मनापासून मानणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. त्यातलं एक माणूस आमच्या घरात राहतं आणि रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या चहाशी मतभेद व्यक्त करतं. ह्या माझ्या मोठ्या नणंदबाई. आयुष्यभर मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात त्या समाजसेवा अधीक्षक होत्या. डॉक्टर रोग बघायचे आणि वन्सं रोग्याच्या घरी कोण आहे, कोण नाही, आणि जे आहेत ते एकमेकांशी का बोलत नाहीत, ते बघायच्या. लग्न त्यांनी केलं नाही. निवृत्त झाल्यावर जयगडच्या रस्त्यावरल्या आमच्या गावी, धाकट्या भावाच्या घरी, राहायला आल्या. कपडे एका पिशवीत आले. समाजकार्याची पुस्तकं टेम्पोतून आली.

वन्सं कुणालाही सल्ला देत नाहीत. ही त्यांच्या शास्त्रातली पहिली अट. समोरच्याने काहीही विचारलं तरी त्या मान किंचित कलती करून म्हणतात, "तुम्हाला काय वाटतं?" आमच्या घरात नाश्ता त्यामुळे सर्वानुमतीनेच ठरतो. घावणे की उपमा, ह्या प्रश्नावर प्रत्येकाला बोलू दिलं जातं, अल्पमताचा आदर केला जातो, आणि मग माझी शाळेत शिकवायला जायची वेळ झाली म्हणून मी सगळ्यांना चहा-बिस्कीट देऊन निघते. खाडीकडून मासळी घेऊन येणाऱ्या शबानाभाभीला त्यांनी एकदा सहज विचारलं, "दिवस कसा जातो तुमचा?" तोवर हा प्रश्न भाभीला कुणी विचारलाच नव्हता. ती टोपली खाली ठेवून पडवीत बसली ती उन्हं वर येईपर्यंत. जाताना डोळे पुसून, हलकी होऊन गेली. टोपलीही हलकी झाली होती, कारण दरम्यान आमच्या आणि शेजारच्या मांजरांचं बांगड्यांवर एकमत झालं होतं.

वायरमनची गोष्ट तर गावात अजून सांगतात. पडवीतला दिवा लागत नव्हता म्हणून तो आला. शिडीवर चढला. खालून वन्संनी विचारलं, "तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?" तो शिडीवरून उतरला, पायरीवर बसला आणि बराच वेळ बोलत राहिला. मग हत्यारं गोळा करून तडक घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी रुसून माहेरी गेलेल्या बायकोला घेऊन आला. दिवा आम्ही पुढे दुसऱ्याकडून लावून घेतला.

अशा ह्या वन्संना एके दिवशी मोबाइलवर निरोप आला. जगभरातल्या समाजकार्य करणाऱ्यांचं कुठलंसं मोठं मंडळ आहे, त्यांनी सगळ्या देशांसाठी मिळून समाजकार्याचा आणि समाजाच्या विकासाचा एक सामाईक कार्यक्रम बनवायला घेतला होता. ज्याला त्याला आपलं म्हणणं मांडायची मुभा होती. वन्संनी ही बातमी जेवताना जाहीर केली.

"जगाला आपल्याकडून काय हवंय?" ह्यांनी विचारलं.

"म्हणणं हवंय, मिलिंद. गावाचं म्हणणं."

"गावाचं? अक्का, ह्या गावाचं गटार कुठून न्यावं ह्यावर म्हणणं एक होत नाही."

"म्हणून तर सभा घ्यायची," वन्सं म्हणाल्या आणि त्या आनंदात आमटीला नावं ठेवायची विसरल्या.

गावात बातमी पसरली ती थोडी बदलत पसरली. जगाकडून योजना येतेय, एवढंच बहुतेकांनी ऐकलं. सभेच्या आदल्या दिवसापर्यंत आमच्या पडवीत कुणी रेशनकार्डाची झेरॉक्स आणून दिली, कुणी सातबारा. एकीने सुनेला सोबत आणलं आणि म्हणाली, "हिचंपन नाव लिवा."

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या गावात आमची बौद्धवाडी खाली आणि कुणबीवाडी वर. भांडण नाही. लग्नाची आमंत्रणं येतात-जातात, दुखलंखुपलं विचारतात. पण बैठक वेगळी. त्यांची देवळात, आमची विहारात. दोन्ही वाड्यांतली तरणी माणसं मुंबईला, त्यामुळे दोन्हीकडे म्हातारेच. तरी ते वेगवेगळे म्हातारे. वन्संनी सभा शाळेत ठेवली आणि दोन्हीकडे स्वतः फिरून सांगून आल्या.

आली माणसं. वर्गाच्या एका भिंतीला ती, दुसऱ्या भिंतीला आम्ही, मधे रस्ता जाईल एवढी जागा. वन्संनी बाकं गोल मांडायला लावली. पहिलीच्या मुलांची बाकं ती. त्यावर सगळे ज्येष्ठ नागरिक गुडघे हनुवटीला लावून बसले, आणि अशा अवस्थेत मानपान टिकवणं कुणालाच जमेना. मग म्हणणी सुरू झाली. वानरं आंबा ठेवत नाहीत. एस.टी. वेळेवर येत नाही. मोबाइलची रेंज वर सड्याच्या माळावर गेल्याशिवाय मिळत नाही. वन्सं प्रत्येकाला म्हणत होत्या, "बरोबर. पण हे साऱ्या जगाला लागू होईल का? तुम्हाला काय वाटतं?"

"वानरं जगात सगळीकडं असतीलच की," कुणबीवाडीचे जुने गावकार धोंडूदादा म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या बायकोने, सावित्रीकाकीने, तोंड उघडलं. ही बाई चारचौघांत कधी बोललेली मला आठवत नाही. खाली बघत म्हणाली, "मानूस मेला, तं उचलायला वाडीत चार जनं नायत. पोरं मुंबयसून येतील तवा. तवर आमी मड्याजवल बसून वाट बघायची. ह्यावर काय करनार हाय काय जग?"

मग आमच्या वाडीतले रत्नूमामा हळूच म्हणाले, "आमच्याकडंपन तेच."

खांदा द्यायला माणसं उरली नाहीत, हेच गावाचं म्हणणं, असा ठराव एकमताने झाला. आमच्या गावात एकमताने झालेली ही पहिलीच गोष्ट असावी.

जगापुढे बोलायची दुपार आली तेव्हा वन्सं इस्तरीची पांढरी साडी नेसून, केबलने घरात घेतलेलं इंटरनेट लावून लॅपटॉपसमोर बसल्या. पडद्यावर चौकटीचौकटींतून देशोदेशीची माणसं. वन्संनी सगळ्यांना हात जोडून "जयभीम" केला. त्यातल्या एका आफ्रिकन बाईंनीही तितक्याच मनापासून "जयभीम" म्हटलं. मग वन्संनी इंग्रजीतून सांगितलं की आमच्या गावाला खांदे कमी पडताहेत. अध्यक्षबाईंनी सहानुभूतीने विचारलं, तुमच्या भागात खांदेदुखीचं प्रमाण इतकं का आहे? आणखी एकाने व्यायाम सुचवला. वन्संनी मला हाक मारली, "सुजाता, मुसळ आण!" मी मुसळ आणलं. त्याचं एक टोक त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं, दुसरं ह्यांच्या, आणि दोघं बहीण-भाऊ जगासमोरून गंभीरपणे माजघराच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेले.

मग मात्र जगाला कळलं. कुठल्याशा डोंगराळ देशातले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आमच्या गावातही तरुण राहिलेले नाहीत, आम्ही ट्रॅक्टरवरून नेतो. बोलताना त्यांनी चष्मा काढला होता.

पुढे काही महिन्यांनी तो जागतिक कार्यक्रम तयार होऊन आला. वन्संनी पुन्हा शाळेत सभा घेऊन तो मराठीत वाचून दाखवला. परस्पर जबाबदारी, सामाजिक बांधिलकी, समुदायांचं सक्षमीकरण. धोंडूदादांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे खांदा गेला?"

"आहे, दादा. ह्याच्या आत आहे."

"मला दिसला नाय."

त्यानंतर दोन दिवस वन्संनी माझ्या चहाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला कधी नव्हे ते वाईट वाटलं. मी मुद्दाम साखर जास्त घातली, तरी त्या निमूट प्यायल्या.

श्रावणात धोंडूदादा गेले. पहाटेच गेले, झोपेत. पाऊस कोसळत होता. मुलं मुंबईहून निघाली ती सावर्ड्यापर्यंत येऊन अडकली, पुढे रस्त्यावर दरड आली होती. थांबायलाही वेळ नव्हता, कारण स्मशान पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे आणि पऱ्याचं पाणी चढत होतं. दुपारपर्यंत ओलांडायचा छोटा साकव बुडाला असता. वरच्या वाडीत उभं राहू शकतील असे दोघंच होते. ही बातमी आमच्याकडे आली, पण बोलावणं आलं नाही. कुणबीवाडीच्या तिरडीला आमच्या वाडीने हात लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लावू नये असं कुणी बोललंही नव्हतं. ते बोलावं लागतच नसे.

वन्संनी छत्री घेतली आणि ह्यांना म्हणाल्या, "ऊठ." तुला काय वाटतं, असं विचारलं नाही.

आम्ही वर गेलो. वाटेत रत्नूमामा आले, आणखी एकदोघं आले. अंगणात पोचलो तेव्हा सगळं तयार होतं. दादांचे भाऊ आमच्याकडे बघत राहिले; त्यांना या म्हणता येईना आणि जा म्हणता येईना. आम्हीही पागोळ्यांखाली भिजत उभे. तेव्हा आतून सावित्रीकाकीचा आवाज आला, रडून फाटलेला.

"बघताव काय नुस्ते? साळंत ठरलाय ना सगल्यांचा? उचला!"

पुढे दादांचे भाऊ आणि ह्यांनी खांदा दिला, मागे रत्नूमामा आणि वरच्या वाडीतले एक. पाखाडीच्या पायऱ्या शेवाळलेल्या. वन्सं बाजूने चालत होत्या, ज्याच्या तोंडावर पाऊस येईल त्याच्यावर छत्री धरत आणि "डावीकडचा दगड हलतो, जपून" असं सांगत. वाटेत खांदे बदलले, पुन्हा बदलले. कोण कुठल्या वाडीचा, ते पावसात मलाही ओळखू येईना. साकव पार झाला. दरड हटल्यावर मुलं गावात पोचली आणि साकव बुडालेला म्हणून दुपारनंतर लांबच्या वाटेने चालत आली, तोवर सगळे स्मशानातल्या शेडखाली थांबून राहिले. मग अग्नी दिला.

परतताना पाऊस उघडला होता, पऱ्याचं पाणी ओसरून साकव वर आला होता. अर्ध्या पाखाडीवर वन्सं एका चिऱ्यावर बसल्या. साडीला गुडघ्यापर्यंत लाल चिखल. मला वाटलं, आता ह्या आजच्या अनुभवातून काय निष्पन्न झालं ते सांगणार. पण त्या खाली खाडीकडे बघत बसल्या.

"सुजाता," थोड्या वेळाने म्हणाल्या, "आई गेली तेव्हा असाच पाऊस होता ना? गाड्या बंद होत्या. मला पोचता आलं नाही."

"हो."

"कोणी कोणी नेलं गं तिला?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी आठवून नावं सांगू लागले. हे होते, रत्नूमामा होते, खालच्या घरचे यशवंतभावजी होते. प्रत्येक नाव त्या ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होत्या. चौथ्या नावाशी मी अडखळले. माणूस डोळ्यांसमोर येत होता, डोक्याला बांधलेला टॉवेल दिसत होता, नाव येईना.

वन्संनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"आठव," त्या म्हणाल्या. "घाई नाही."