पन्नासावी पुंगळी

"गेलं! गेलं! कोणीतरी नेलं!"

डचमध्ये असंच काहीतरी ओरडणं चाललं होतं. मला डच येत नाही. पण तेहतीस वर्षं फिर्यादी ऐकलेल्या माणसाला चोरीची बोंब कुठल्याही भाषेत कळते. भांडणाची बोंब पुढे पुढे सरकत येते, अपघाताची एकदाच उठते आणि थांबते. चोरीची बोंब एकाच जागी गोल फिरत राहते. ही गोल फिरत होती.

ती बोंब मी अजून विसरलेलो नाही. पहिल्या टाळेबंदीतला एप्रिल होता. मी आणि आमची ही, दोघं मुलीकडे हॉलंडमध्ये उइटहॉर्नला सहा आठवड्यांसाठी म्हणून आलो आणि मागे विमानंच बंद झाली. एरवी या गावाच्या डोक्यावरून विमानांची रीघ लागलेली असते. आता आभाळ इतकं गप्प, की पलीकडच्या गल्लीत कोणी चहात साखर ढवळली तरी मला चमचा ऐकू यायचा. मी हातातला कप ठेवला आणि मागच्या बागेतलं सहा फुटी कुंपण एका झेपेत ओलांडलं. ही म्हणते, मी फाटकातून गेलो, आणि तेही आधी चप्पल शोधून. तिचा जबाब मी नोंदवून घेतला आहे. ग्राह्य धरलेला नाही.

शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, ताडासारखा उंच माणूस. उभी हयात फुलांच्या लिलावात गेलेली, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. बागेच्या टोकाला त्याची लाकडी शेड होती, तिच्या दारात तो उभा होता. मला येताना पाहून त्याने ओरडणं थांबवलं आणि तळहात पुढे केला. दीड मीटर. घर लुटलं गेलं तरी अंतर म्हणजे अंतर.

त्याचं सावकाश इंग्रजी आणि माझं बंदोबस्ताचं इंग्रजी यांतून फिर्याद बाहेर आली. एक लोखंडी यंत्र गेलं होतं. वजन पाचेक किलो, वरून दाबायचा लांब दांडा. एरवी ते टेबलाला बोल्टने आवळलेलं असायचं. तेल द्यायला म्हणून त्याने ते सोडवून दाराजवळच्या खोक्यात ठेवलं होतं. मी विचारलं, यंत्र कसलं? त्याने कुलूपबंद कपाटातून एक डबी काढून माझ्यापुढे ठेवली. आत रायफलच्या पितळी पुंगळ्या, झाडलेल्या. म्हणाला, या परत भरायचं यंत्र. शाईच्या पेनाबद्दल बोलावं तितक्या सहज म्हणाला. मी पालथ्या कुंडीवर बसलो.

पोलिसांत पुंगळी काय चीज असते, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. गोळीबाराच्या सरावाला जितकी काडतुसं मोजून मिळाली, तितक्या रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा करायच्या. एक कमी पडली तर चौकशी. म्हणून एक कमी पडली की अख्खी तुकडी गुडघ्यांवर बसून गवत विंचरते. आम्ही एकदा एका पुंगळीपायी चांदमारीच्या मैदानामागची टेकडी चाळून काढली होती. ती टेकडी तेव्हापासून दोन फूट बुटकी आहे. पुंगळी शेवटी एका हवालदाराच्या बुटात निघाली आणि तो बूट घालून तो दिवसभर टेकडी खणत होता. सांगायचं एवढंच, की तेहतीस वर्षं मी पुंगळ्या मोजल्या त्या मेलेल्या म्हणून. आणि हा म्हातारा बागेतल्या शेडमध्ये बसून त्यांना पुन्हा उठवत होता. एकेक पुंगळी दहा-दहा वेळा.

परवाना पाहिला. चोख होता. चाळीस वर्षं नेमबाजीच्या क्लबचा सभासद.

"डबीत किती?" मी विचारलं.

"पन्नास."

"मोजा."

एकोणपन्नास भरल्या. म्हातारा पांढरा पडला. पन्नासावी यंत्रातच अडकलेली राहिली होती, आणि तिच्या बुडाला नवी टोपी बसवून झाली होती. दारू नव्हती, गोळी नव्हती, पण टोपी जिवंत. ठोका बसला किंवा ठिणगी पोचली तर ती उडणार. आणि सोमवारी त्या भागाची पोलीस बाई वार्षिक तपासणीला येणार होती. जिवंत टोपीची पुंगळी उघड्यावर ठेवली आणि हरवली, एवढ्यावर परवाना जाऊ शकत होता. परवान्यासोबत रायफल, रायफलसोबत क्लब.

"एरवी बुधवारी मी तिथे जातो," तो म्हणाला. "तिथे माणसं असतात. इथे खुर्च्या असतात."

तो तिथल्या तिथे पोलिसांना फोन लावणार होता. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा, पोलीस आलेलेच आहेत. त्याने मला नीट निरखलं आणि सांगितलं, की सोमवारी मात्र तो तिला सांगणार. गुरुवार होता. मला साडेतीन दिवस मिळाले. याहून कमी वेळात मी दरोडे उघडकीस आणलेले आहेत.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, बाबा, काय झालं? तपास गोपनीय आहे, एवढंच मी सांगितलं. "झाली ह्यांची हवालदारी सुरू," ही म्हणाली. निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला चार पायऱ्या खाली उतरवण्याचा अधिकार शासनालाही चौकशीशिवाय नाही. हिला आहे.

पहिली खबर समोरच्या घरातून मिळाली. इथे खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, त्यामुळे खबरी नेमावे लागत नाहीत. समोरच्या बाईंनी खिडकीतूनच सांगितलं, की बुधवारी म्हाताऱ्याची मुलगी मास्ट्रिख्टहून आली होती. तिने दिवसभर शेड आवरली आणि नको त्या सामानाची चार खोकी 'फुकट' अशी पाटी लावून फुटपाथवर ठेवली. टाळेबंदीत सगळं गाव माळे झाडत होतं आणि एकमेकांची अडगळ घरी नेत होतं.

म्हाताऱ्याच्या मुलीची चौकशी फोनवर करावी लागली. चौकशीत आमचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे गप्प बसणं. समोरचा ती शांतता सोसू शकत नाही आणि बोलायला लागतो. मी फोनवर तीस सेकंद गप्प बसलो. ती "हॅलो, हॅलो" म्हणाली आणि लाइन गेली समजून फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा सरळ विचारलं, तर तिने सरळ सांगितलं. दाराजवळचं खोकं भंगाराचं वाटलं म्हणून तेही बाहेर ठेवलं. मग ती रडायला लागली. म्हाताऱ्याने फोन घेतला आणि तिला काहीतरी हळू सांगितलं. मी अर्थ विचारला. शेड छान आवरलीस, असं म्हणाला होता.

म्हणजे चोरीच नव्हती. पाटी वाचून कुणीतरी हक्काने नेलं होतं आणि त्याला आत काय आहे याची कल्पना नव्हती. शुक्रवारी मी गावाला सात प्रदक्षिणा घातल्या. भेटेल त्याला दीड मीटरवरून विचारलं. प्रत्येकाने विचारलं तेवढंच आणि खरं तेच सांगितलं. उडवाउडवी नाही, घाम नाही, नजर चुकवणं नाही. इतके स्वच्छ जबाब मी जन्मात ऐकले नव्हते. तपास पार खोळंबला.

शनिवारी सकाळी अंघोळ करून देवापुढे उभा राहिलो. मुलीच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या फळीवर देव आहेत. मी काही फार देवभोळा नाही, पण तपास अडला की आमच्यातला भलाभला हात जोडतो. डोळे मिटून गणपतीला म्हटलं, बाबा रे, त्या म्हाताऱ्याची लाज राख. डोळे उघडले. समोर उदबत्ती अर्ध्यावर जळून आली होती. उदबत्तीचं घर नवीन होतं. पितळी, लखलखीत, नितळ अंगाचं, वर मान निमुळती होत गेलेली. त्या मानेत काडी कशी अगदी मापाने बसली होती.

गुरुवारपासून तीन दिवस मी त्याच्यापुढे हात जोडत होतो.

मी उदबत्ती चिमटीत धरून विझवली. फोड अजून दाखवता येईल. मग ते घर दोन बोटांनी उचललं आणि बूड पाहिलं. कडेला खाच, मधोमध टोपी. टोपीवर ठोक्याची खूण नाही. कोरी. काडतुसं तपासण्यात हयात गेलेला माणूस मी, आणि माझ्या हातात एक जिवंत टोपी गणपतीच्या पुढ्यात उदबत्ती धरून उभी होती. आतल्या काडीवरून एक ठिणगी खाली घसरली असती तर?

मग आयुष्यातली सगळ्यात अवघड चौकशी सुरू झाली.

"हे उदबत्तीचं घर कुठून आलं?"

"आधी आवाज खाली. यंत्रातनं निघालं. काळं पडलं होतं, चिंचेनं घासलं तेव्हा कुठं उजळलं."

"कुठल्या यंत्रातनं?"

"कुरडयांच्या."

हिने मला जिन्याखालच्या कपाटापाशी नेलं. जुन्या चादरीत गुंडाळलेलं, लोखंडी, लांब दांड्याचं. यंदा ऊन चांगलं पडलंय, मागच्या बागेत कुरडया घालू, असं हिच्या मनात होतं. सोऱ्या पुण्याला राहिलेला. फुटपाथवर हे दिसलं. असला दणकट दांडा, वर मधोमध भोक, म्हणजे चीक घालून दाबायचंच यंत्र. जावई चकती करून आणणार होता. खरेदीच्या ढकलगाडीत घालून हिने ते एकटीने आणलं. रस्त्यावरच्या वस्तू उचलल्या की मी बोलतो, म्हणून लपवलं.

"अगं, अख्खं गाव शोधलं मी!"

"मला कुठं सांगितलंत काय शोधताय ते? गोपनीय होतं ना?"

या मुद्द्यावर बचाव पक्षापुढे माझी मान खाली गेली.

मुद्देमाल त्याच ढकलगाडीतून परत नेला. वाटेत, म्हणजे बारा पावलांत, मी तीन वेगवेगळ्या हकिकती रचल्या. त्या सगळ्यांत मी शूर होतो. दारात म्हाताऱ्याने विचारलं, कुठे होतं? त्या डोळ्यांपुढे तिन्ही हकिकती मेल्या. मी सगळं सांगितलं, कुरडयांसकट, उदबत्तीसकट. त्याने पुंगळी उजेडात धरली, फिरवली आणि विचारलं, इतकी स्वच्छ कशाने केली? चिंचेचं नाव त्याने वहीत लिहून घेतलं.

मग त्याने यंत्र टेबलाला आवळलं आणि मला दारात कुंडी मांडून दिली. एक झाडलेली पुंगळी खाली बसवली. दांडा ओढला. जोर असा लावलाच नाही, गाईच्या पाठीवर हात ठेवावा तसा ठेवला. जळकी टोपी टपकन खाली पडली आणि गोळीबाराने फुगलेलं पितळ पुन्हा बांध्यात आलं. त्याने ते मोजलं, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका फरक निघाला, आणि त्याने ती पुंगळी बाजूला ठेवली. मला दिसतही नसलेला फरक. दारू तोलायला घेतली तेव्हा दार लावून घेतलं, कारण माझ्या श्वासाने काटा हलत होता. मी काचेतून पाहत राहिलो. जगभर माणसं श्वासाला भीत होती. इथे एक माणूस श्वासाचं वजन जाणून होता. तासाभरात त्याने चार काडतुसं केली. मी शस्त्रागारं पाहिली आहेत, पेट्याच्या पेट्या उघडलेल्या आहेत. पण एकेका काडतुसाला कुणी इतका मान देताना पाहिलं नव्हतं. देवापुढे उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं, आणि ते मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही.

निघताना मी त्याला हळूच सुचवलं. पुंगळी मिळाली, पन्नास भरल्या, मग सोमवारी बोलायचंच कशाला? आणि विचारलंच तर म्हणा, यंत्र दुरुस्तीला शेजाऱ्याकडे दिलं होतं. शेजारी निवृत्त पोलीस निरीक्षक. मी तसा जबाब देतो. आमच्या भाषेत याला जबाब बसवणं म्हणतात. त्यात माझा हात कुणी धरू शकत नसे.

"पण मी दिलं नव्हतं," तो म्हणाला.

"हो, पण तसं म्हणायचं."

"पण दिलं नव्हतं." मला समजलं नसेल अशा काळजीने त्याने ते दुसऱ्यांदा सांगितलं.

सोमवारी पोलीस बाई आली. पोरसवदा, सायकलवरून. बागेत अंतर राखून उभी राहिली. म्हाताऱ्याने पाच वाक्यांत सगळं सांगितलं. मुलीवर ढकललं नाही. खोक्यात मी ठेवलं, कुलूप मी लावलं नाही, चूक माझी. मी कुंपणाच्या अलीकडून ऐकत होतो, आमची मुलगी कानाशी अर्थ सांगत होती. बाईने लिहून घेतलं, परवान्याचे कागद सोबत घेतले आणि निर्णय कळवू म्हणून गेली. तीन आठवड्यांनी पत्र आलं. लेखी ताकीद, यंत्राला कुलूपबंद कपाट सक्तीचं, परवाना कायम. पण ते पुढे. त्या सोमवारी, सायकल कोपऱ्यावर वळली तेव्हा, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तेहतीस वर्षांत मी किती जणांच्या तोंडी सोयीचं वाक्य घातलं असेल, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता. काही वाक्यांनी माणसं सुटली. काहींनी अडकली. ती सगळी वाक्यं मला चांगली वाटायची, कारण ती नीट बसायची. त्या पाच वाक्यांनंतर मात्र मला माझे जुने जबाब आठवायला लागले, आणि अजून आठवतात. टाळेबंदीत हा एक तपास माझ्यावरच सुरू झाला, तो बंद झालेला नाही.

म्हातारा बागेत तसाच उभा होता, हात पाठीमागे बांधून. मी कुंपणापाशी गेलो आणि विचारलं, सगळं जाऊ शकत होतं, बुधवारसुद्धा. तुम्हाला भीती नाही वाटली?

"वाटली," तो म्हणाला.