नवसाचा फकीर

माझा धाकटा भाऊ नवसाचा फकीर होता. तान्हा असताना तापाने तो हातचा जायला आला, तेव्हा आईने गावच्या ताबुतापुढे पदर पसरला होता: पोरगं वाचू दे, लग्नापर्यंत दर मोहरमला त्याला फकीर करीन. आम्ही मेंढरं विकून मजुरीला लागलेले हिंदू. पण या नवसात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. असे फकीर गावात आणखीही होते. दर्ग्याचे मुजावर गळ्यात लाल-हिरवा दोरा बांधायचे आणि पोरं झोळी घेऊन पाच घरं मागायची. पहिली मूठ आपल्याच घरची. भावाला तो दिवस दिवाळीपेक्षा प्यारा, कारण झोळीतल्या पिठा-गुळाचा मलिदा व्हायचा. एरवी आमच्याकडे गूळ चहापुरताच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बारावीला गचकल्यावर तो मंचरच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायचा. आवक असली तर काम, नाहीतर हायवेच्या फाट्यावर बसून राहायचं. तिथेच त्याला ती मंडळी भेटली. त्यांनी चहा पाजला, गाडीवर मागे बसवलं, गळ्यात भगवा रुमाल घातला आणि 'भाऊ' म्हणून हाक मारली. हमालाला भाऊ कोण म्हणतं? मला त्यांचा राग तेव्हाही यायचा, आजही येतो. पण यातलं आम्ही त्याला काय देऊ शकत होतो, हे आठवलं की जीव थाऱ्यावर राहत नाही.

देव तर त्याला आधीही होता. चतुर्थीला तो ओझरला पायी जायचा. आता त्याच्या बोलण्यात देव कमी आणि दर्ग्याकडचे 'ते लोक' जास्त असायचे.

मग त्याचं लग्न ठरलं. शेवटची फकिरी झाल्याशिवाय नवस फिटत नाही आणि राहिलेला नवस पोरावर उलटतो, या भीतीने आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने हातापाया पडून पाहिलं.

"लई भीक मागितली त्यांच्या नावानं," भाऊ म्हणाला. "आता नाय."

"भीक नव्हती रं ती. तुझा जीव मागितला व्हता."

त्याने ऐकलं नाही. मोहरमच्या सकाळी आई एकटीच दर्ग्यात गेली, दोरा स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला आणि झोळी अडकवून आमच्याच दारात येऊन उभी राहिली. ओट्यावर भाऊ फाट्यावरच्या दोन दोस्तांना चहा देत होता. ते आमच्या घरी पहिल्यांदाच आले होते. मी पिठाची वाटी घेऊन बाहेर निघाले, तर त्याने चौकटीत हात आडवा घातला.

"कोण रं ही म्हातारी?" एका दोस्ताने विचारलं.

भाऊ खाली बघत म्हणाला, "आसंल कुनी मागणारी." मग आईकडे न बघताच, "पुढं जा, बाई."

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती शेजारच्या दाराकडे वळली. त्या दिवशी तिने पाच घरं मागितली. त्यांत आमचं नव्हतं.